संगणकातील रस्ता आणि घाटातील वळण



२६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला, आणि आपल्या या ओरोसजवळच्या 'सिंधुदुर्ग' स्थानकाचा मुंबईशी आणि मंगळुरूशी एकाच रुळाने संबंध जुळला. हा मार्ग आखणाऱ्या इंजिनिअरांनी आरंभीच एक गोष्ट ठरवून टाकली होती. पुढेमागे ताशी १६० किलोमीटर वेगाने गाडी धावावी, म्हणून मार्गावरील कोणतेही वळण १२५० मीटर त्रिज्येपेक्षा आखूड असू द्यावयाचे नाही. हा एक आकडा पाळण्यासाठी सह्याद्रीच्या सोंडा फोडाव्या लागल्या, नव्वदाहून अधिक बोगदे खणावे लागले, लहानमोठे मिळून सुमारे २००० पूल बांधावे लागले. डोंगराला वळसा घालणे स्वस्त पडले असते. पण वळशाची किंमत वेगात द्यावी लागते, आणि ती रोज, प्रत्येक गाडीस, द्यावी लागते.

त्याच १९९८ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या 'पपायरस' नावाच्या एका लहानशा कंपनीने 'ग्रँड प्रिक्स लेजेंड्स' नावाचा संगणकावरील मोटारशर्यतीचा खेळ बाजारात आणला. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. तथापि दोन्हीकडची माणसे एकाच प्रश्नाशी झगडत होती. कोणते वळण किती वेगाने घेता येते? एका मंडळींनी उत्तर सुरुंगाने आणि सिमेंटने दिले, दुसऱ्यांनी निव्वळ आकडेमोडीने. आज आपणांस या दुसऱ्या मंडळींचा इतिहास सांगावा असा आमचा विचार आहे.

वसंत ऋतूतील व्याख्यानांस येणाऱ्या श्रोत्यांना शिवकाल, पेशवाई, फार तर आंग्र्यांचे आरमार ऐकण्याची सवय. मुलांच्या खेळाचा कसला इतिहास, असे कोणी मनांत म्हणत असेल तर त्यांचा दोष नाही; आम्हीही परवापरवापर्यंत तेच म्हणत होतो. परंतु एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. केंद्र सरकारने २०२१ च्या जून महिन्यात मोटार शिक्षणकेंद्रांविषयी नवे नियम काढले आणि ते १ जुलै २०२१ पासून अमलात आले. या नियमांप्रमाणे मान्यता मिळवू इच्छिणाऱ्या केंद्रापाशी सरावाचा खास मार्ग तर हवाच, पण सिम्युलेटरही हवा, म्हणजे बसल्या जागी गाडी चालविल्याचा अनुभव देणारे यंत्र हवे. अशा केंद्रातून उत्तीर्ण झालेल्या उमेदवारास आर.टी.ओ.ची वाहन चालविण्याची परीक्षा माफ आहे. अर्थात उद्या 'एमएच ०७' ची पाटी लावून आपल्या समोरून येणारा माणूस थोडेबहुत तरी यंत्रातल्या रस्त्यावर शिकून आलेला असेल. मग त्या यंत्रातला रस्ता खरा किती आणि खोटा किती, ही चौकशी मुलांवर सोडून कशी चालेल?

खरेखोटेपणाची ही चौकशी करण्यापूर्वी आपण आपल्याच घाटात जाऊ. फोंडा घ्या, करूळ घ्या, आंबोली घ्या. घाटातले एक उलटे वळण मनांत आणा, जेथे एस.टी.चा ड्रायव्हर पहिल्या-दुसऱ्या गिअरवर येतो, हॉर्न देतो आणि सारे अंग वापरून चाक फिरवतो. अशा वळणाची त्रिज्या १५ मीटर धरू. गाडीला वळणावर धरून ठेवणारी शक्ती एकच : टायर आणि डांबर यांमधील पकड. मोटारीचा प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो साधारण हाताच्या पंजाएवढ्या जागेत. मोटारीचे असे चार पंजे. त्यांपलीकडे गाडीचा पृथ्वीशी संबंध नाही. कोरड्या रस्त्यावर ही पकड गाडीच्या वजनाच्या सात दशांश इतकी धरली, तर हिशेबाने उत्तर येते ताशी ३६ किलोमीटर. त्याहून वेगाने ते सपाट वळण घेता येणार नाही. आषाढात डांबर चिंब असते, वरून लाल चिखल उतरलेला असतो. पकड चार दशांशावर आली की तोच आकडा २७ वर येतो. या हिशेबात गाडीचे वजन कोठेच येत नाही, हे पाहून आम्हांस प्रथम आश्चर्य वाटले होते. मोटार असो वा मालट्रक, आकडा तोच. वेग ठरविणाऱ्या गोष्टी दोन : त्रिज्या आणि पकड. त्रिज्या चौपट केली तर वेग दुप्पट होतो, अधिक नाही. शर्यतीचा ड्रायव्हर बाहेरच्या कडेने वळणात शिरतो, आतली कड चाटून जातो आणि पुन्हा बाहेर पडतो, यातले रहस्य हेच. रस्त्याची सारी रुंदी वापरून तो त्रिज्या वाढवून घेतो. घाटात मात्र समोरून खडीचा डंपर येत असतो, म्हणून ही विद्या घाटात वापरू नये, हे जाता जाता सांगून ठेवतो.

इतके गणित शाळेतल्या मुलास येते. पण इतक्यावर गाडीची नक्कल होत नाही. ब्रेक दाबला की गाडीचे नाक खाली जाते, वजन पुढच्या चाकांवर येते. मागची चाके हलकी होतात. वळणावर बाहेरची चाके दबतात, आतली सुटतात. आणि गंमत अशी की ज्या टायरवर वजन दुप्पट आले त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणजे वजनाच्या या हेलकाव्यात एकंदरीने पकडीचा तोटाच होतो. गाडी ज्या चढावर ज्या गिअरने चढते त्याच गिअरने ती उतरवावी, आणि वळण लागण्यापूर्वीच वेग मारावा, वळणात नव्हे, हा घाटातल्या जुन्या ड्रायव्हरांचा नियम या शास्त्राचाच आहे. त्यांनी तो पुस्तकातून घेतला नाही.

आता शर्यतीच्या मार्गांकडे येऊ. आपल्याकडे शर्यत म्हटली की बैलगाड्यांची. पुणे जिल्ह्यात तर ज्या उतारावर गाडे पळतात त्यालाच 'घाट' म्हणतात. तो मार्ग सरळ असतो. मोटारीच्या शर्यतीला वळण हवे असते, आणि ते वळण कसे बांधावे याविषयी शंभर वर्षांत मते पालटत गेली. १९०७ साली इंग्लंडात ब्रुकलँड्स येथे काँक्रीटचा पहिला खास मार्ग बांधला, त्याची वळणे बशीच्या कडेसारखी वर उचललेली होती, काही ठिकाणी जवळजवळ ९ मीटर. १९०९ साली अमेरिकेत इंडियानापोलिस येथे चार वळणांचा मार्ग झाला आणि त्याच वर्षी त्यावर बत्तीस लाखांच्या आसपास विटा बसविल्या. १९२७ साली जर्मनीत आयफेल डोंगरात न्युर्बुर्गरिंगचा मार्ग खुला झाला; त्याचा उत्तरेकडचा फेरा २२ किलोमीटरांहून लांब, चढउतारांनी भरलेला, आपल्या घाटाचा सख्खा भाऊ शोभावा असा. दुसऱ्या महायुद्धानंतर मोकळी पडलेली विमानतळे हाती आली. इंग्लंडातील सिल्व्हरस्टोन त्यातलेच, आणि मद्रासजवळचे शोलावरमही. शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर आपल्या देशातल्या शर्यती अनेक वर्षे झाल्या; १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ खास मार्ग तयार झाल्यावर त्या तिकडे गेल्या. पुढे २०११ साली दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे जर्मन वास्तुविशारद हेर्मान टिल्के यांच्या आराखड्याप्रमाणे बुद्ध सर्किट झाले. लांबी ५.१२५ किलोमीटर; एक किलोमीटरचा सरळ पट्टा आणि काही वळणांच्या तोंडाशी मुद्दाम रुंद ठेवलेला रस्ता, मागच्याला पुढे जाण्याची संधी मिळावी म्हणून. फॉर्म्युला वनची शर्यत तेथे २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीनच वर्षे झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन फेट्टेल जिंकला. मार्ग बांधणाऱ्याने संधी ठेवली तरी ती घेणारा हवा, इतकेच यावरून म्हणता येईल.

मराठी माणसाच्या ओळखीच्या मुलुखातले उदाहरण पाहिजे असेल तर होळकरांच्या इंदूरकडे चला. तेथून जवळ पिथमपूर येथे वाहनांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा लंबवर्तुळ मार्ग बांधला असून तो २९ जून २०२१ रोजी खुला झाला. त्याची वळणे अशी उचललेली आहेत की ताशी २५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला बाजूच्या पकडीची गरजच पडू नये. वळणावर असूनही चालकाला सरळ रस्त्यावर असल्यासारखे वाटावे. आमच्या जिल्ह्याला जवळचा शर्यतीचा मार्ग म्हणाल तर घाटमाथ्यावर कोल्हापुराकडे गोकार्टचा आहे. राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या तेथे झाल्या आहेत. 

म्हणूनच संगणकातल्या रस्त्याचे महत्त्व. जमीन लागत नाही, डांबर लागत नाही. पण आरंभी तो रस्ता फारच गरीब होता. १९७६ साली 'नाइट ड्रायव्हर' नावाचे खेळण्याचे यंत्र निघाले. त्यात रस्ता नव्हताच. काळ्या पडद्यावर दुतर्फा पांढरे खुंट तेवढे दिसत. रात्र का? तर दिवसाचा रस्ता काढण्याची ऐपत त्या यंत्रात नव्हती म्हणून. १९८२ च्या 'पोल पोझिशन' मध्ये जपानच्या फुजी मार्गाचे रंगीत चित्र आले, पण टायरचे शास्त्र काही आले नाही.

यंत्राला खरे पदार्थविज्ञान शिकविण्याचा मान आम्ही जेफ क्रॅमंड या इंग्रज गृहस्थास देऊ. १९८४ साली त्याने 'रेव्ह्ज' नावाचा खेळ लिहिला, तो ३२ किलोबाइट स्मरणशक्तीच्या बी.बी.सी. मायक्रो संगणकावर. ३२ किलोबाइट म्हणजे किती? या व्याख्यानाचा मजकूरही त्यात पुरता मावेल न मावेल. तेवढ्यात त्याने सिल्व्हरस्टोनचे चढउतार बसविले, फॉर्म्युला थ्री गाडीचे गिअर आणि घसरणे बसविले. त्या काळी मार्गाची नोंद यंत्रात कशी ठेवत, तर एखाद्या तलाठ्याने बांधाची लांबी टिपावी तशी : इतके पाऊल सरळ, मग इतके डावीकडे, मग चढ. पुढे १९८९ साली पपायरस कंपनीच्या डेव्हिड केमर आणि ओमर खुदारी यांनी इंडियानापोलिसच्या शर्यतीची नक्कल काढली. चार वळणांचा, बघायला अगदी सोपा मार्ग. खेळणाऱ्यांना मात्र कळून चुकले की चार वळणे घेणे ही गोष्ट सोपी नाही, आणि गाडीची आधी नीट जुळवणी केल्याशिवाय ती जमत नाही.

येथे टायरची हकीकत सांगणे भाग आहे, कारण साऱ्या नकलेचा जीव टायरात आहे. सर्वसाधारण समज असा की चाक ज्या दिशेला वळवले त्या दिशेला गाडी जाते. तसे होत नाही. रबर लवचीक असल्यामुळे टायर ज्या दिशेला तोंड करून असतो त्याहून थोड्या वेगळ्या दिशेला प्रत्यक्षात सरकतो. या दोन दिशांतल्या कोनाला आपण 'घसरकोन' म्हणू. कोन लहान असेतोवर जितका कोन वाढवाल तितकी पकड वाढते. मग काही अंशांवर तिचा कळस येतो. त्यानंतर कोन वाढवला तर पकड उतरू लागते. घाबरलेला चालक नेमके येथेच चुकतो. गाडी वळत नाही असे दिसताच तो चाक आणखी पिळतो, आणि होती तीही पकड घालवून बसतो. पकडीचा हा चढ आणि उतार समीकरणात बसविणे फार जिकिरीचे होते. १९८७ साली हॉलंडमधील डेल्फ्टचे हान्स पासेइका आणि त्यांचे सहकारी यांनी एक सूत्र प्रसिद्ध केले. ते कोणत्याही मूळ सिद्धांतातून निघाले नव्हते. प्रयोगशाळेत टायर फिरवून काढलेल्या आलेखांवर ते बरोबर बसे, एवढाच त्याचा आधार. म्हणून पुढे त्याला 'जादूचे सूत्र' असे नाव पडले आणि शास्त्रज्ञांनीही ते बिनतक्रार स्वीकारले. मोटार कारखान्यांत ते वापरले गेले आणि कालांतराने घरगुती सिम्युलेटरांतही आले.

आता आपण पुन्हा १९९८ मध्ये येऊ. पपायरसने 'ग्रँड प्रिक्स लेजेंड्स' साठी १९६७ सालचा हंगाम निवडला, तो विचारपूर्वक. त्या वर्षापर्यंत फॉर्म्युला वनच्या गाड्यांना पंख नव्हते. ते १९६८ मध्ये आले. पंख हवेच्या जोराने गाडीला रस्त्यावर दाबून धरतात. १९६७ च्या गाड्यांना असा कोणी दाबून धरणारा नव्हता. इंजिन दणकट, टायर अरुंद. अशी गाडी हाकणे म्हणजे घसरकोनाशी सतत वाटाघाटी करणे. परिणाम काय झाला? विकत घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना पहिला फेराही धड पुरा करता येईना. खेळ फारसा खपला नाही. पण जे थोडे टिकले ते वर्षानुवर्षे टिकले, आणि त्यांनी जे काम केले त्यामुळेच हा विषय इतिहासाच्या व्याख्यानात आणण्याचे आम्हांस धैर्य झाले.

या मंडळींनी जुने मार्ग पुन्हा बांधावयास घेतले. कोणी पगार देत नव्हते. जुनी छायाचित्रे, नकाशे, चित्रफिती जमवून, कोणते झाड वळणाच्या किती अलीकडे होते, कुंपण कोठे संपत होते, हे ताडून त्यांनी एकेक मार्ग संगणकात उभा केला. फ्रान्समधील रूआँजवळचा मार्ग घ्या. सार्वजनिक रस्त्यांवरचा, उतारावर वेगाने कोसळणाऱ्या वळणांचा. १९९४ नंतर तेथे शर्यत झाली नाही, १९९९ मध्ये उरलेल्या इमारतीही पाडल्या. तो मार्ग मूळ खेळात होता म्हणून आजही कोणी कुडाळात बसून त्यावर गाडी घालू शकतो. आमच्याकडे पडक्या किल्ल्याचा नकाशा काढणारे इतिहाससंशोधक झाले, त्यांच्याच जातकुळीची ही माणसे. फरक इतकाच, की यांच्या चुका लगेच उघड्या पडतात. वळणाची त्रिज्या चुकीची काढली असेल तर त्या काळच्या गाडीने त्या काळची वेळ जुळत नाही. १९६७ सालच्या फेऱ्यांच्या वेळा छापील नोंदींत आहेत. नकली मार्गावर नकली गाडी त्या वेळेच्या आसपास यावयास हवी; फार आधी आली किंवा फार मागे राहिली, तर रस्ता खोटा किंवा टायर खोटा. इतिहासाच्या साधनांची अशी परीक्षा करता आली असती तर आमच्या कित्येक बखरींची काय गत झाली असती कोण जाणे.

पुढची मजल २००८ साली गाठली गेली. त्याच डेव्हिड केमरने जॉन हेन्री या भांडवलदाराच्या साहाय्याने 'आयरेसिंग' सुरू केले. येथे मार्ग छायाचित्रांवरून न काढता प्रत्यक्ष जागेवर लेसर यंत्र नेऊन मोजले. रस्त्यावरचा उंचवटा, डांबराचा जोड, पाणी जाण्यासाठी दिलेला उतार, सारे मोजणीत आले. पुढे २०१४ मध्ये इटलीतल्या एका मंडळीने 'असेट्टो कोर्सा' काढला, त्यातही लेसरने मोजलेले मार्ग होते आणि खेळणाऱ्याला स्वतःचा मार्ग करून घालण्याची मुभा होती. पाहा, क्रम कसा आहे! आधी चित्र आले, मग गाडी आली, मग टायर आला, आणि सर्वांच्या शेवटी रस्त्याची कातडी आली. वास्तविक टायर ज्याला धरून असतो तो रस्ताच. पण त्याचा नंबर सर्वांत मागे लागला.

रस्त्याच्या एका फुगवट्याने काय होते याचे एक दुःखद उदाहरण आहे. यान मार्डनबरो हा ब्रिटिश तरुण घरच्या खेळण्यावर शर्यत शिकला, २०११ साली 'जी.टी. अकॅडमी' या स्पर्धेत पहिला आला आणि खऱ्या शर्यतीत उतरला. २०१३ मध्ये फ्रान्समधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याच्या चमूने आपल्या वर्गात तिसरा क्रमांक मिळविला. खोट्या रस्त्यावर शिकलेली विद्या खऱ्या रस्त्यावर चालते याचा याहून चांगला पुरावा कोणता? परंतु २८ मार्च २०१५ रोजी न्युर्बुर्गरिंगवर एका उंचवट्यावरून त्याची गाडी हवेत उचलली गेली, कुंपणापलीकडे पडली आणि एक प्रेक्षक मृत्युमुखी पडला. पुढच्या हिवाळ्यात त्या जागेचे उंचवटे उतरवून रस्ता नीट करण्यात आला. यंत्रात गाडी उलटली तर एक कळ दाबून पुन्हा आरंभ करता येतो. त्या मार्चच्या दिवशी अशी कळ कोणापाशी नव्हती. सिम्युलेटरात भीती नसते हा आक्षेप आम्हांस सर्वांत वजनदार वाटतो, आणि लेसरने त्याचे निवारण होणार नाही. आपल्या दशावतारात राजाचा मुकुट खोटा असतो, युद्ध खोटे असते. घाम मात्र खरा असतो. संगणकावरच्या शर्यतीतही घाम खरा येतो, हे आम्ही पाहिले आहे. पण घाम म्हणजे भीती नव्हे.

दूर दूर बसलेल्यांनी एकत्र शर्यत करण्याविषयी दोन शब्द. २०२० च्या साथीत साऱ्या जगातल्या शर्यती बंद पडल्या तेव्हा नामांकित ड्रायव्हर घराघरांतून याच रस्त्यांवर उतरले. ल मान्सची चोवीस तासांची शर्यतसुद्धा त्या जूनमध्ये यंत्रांवर झाली. यातली अडचण अशी. तुमच्या गाडीची बातमी तारेवरून दुसऱ्याच्या घरी पोचेपर्यंत सेकंदाचा दहावा हिस्सा गेला असे धरा. ताशी २०० किलोमीटर वेगाने तेवढ्यात गाडी साडेपाच मीटर पुढे जाते, म्हणजे अख्खी एक गाडीभर. समोर दिसणारी गाडी जेथे दिसते तेथे नसतेच. म्हणून प्रत्येक यंत्र अंदाज बांधते : हा इतक्या वेगाने चालला होता, तेव्हा आता येथे असेल. अंदाज चुकला की गाडी पडद्यावर एकदम उडी मारते आणि दोन माणसे, एक येथला आणि एक ब्राझीलचा म्हणा, एकमेकांना धडकली की नाही यावर वाद घालीत बसतात. स्वतःच्या गाडीचा हिशेब मात्र यंत्र फार बारकाईने करते. आयरेसिंगमध्ये तो सेकंदाला ३६० वेळा होतो, म्हणजे २०० च्या वेगाने दर पंधरा सेंटिमीटरांस एकदा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. टायरचे शास्त्र जगभर एकच; डेल्फ्टचे सूत्र करूळ घाटातही लागू पडते. पण रस्ता ज्या त्या गावचा असतो. आजवर ज्यांनी मार्ग मोजले त्यांनी शर्यतींचे मोजले : अमेरिकनांनी इंडियानापोलिस, इटालियनांनी मोंझा. शिकाऊ चालकासमोर ठेवलेल्या एखाद्या यंत्रात परदेशातल्यासारखा सरळ, कोरडा, पांढऱ्या पट्ट्यांचा रस्ता दिसला, तर त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आमचे म्हणणे इतकेच की त्यावर शिकलेल्या मुलाला आषाढातल्या आंबोलीविषयी काहीही कळलेले नसते, आणि परीक्षा तर त्याला माफ झालेली असते. रस्त्यावर उतरलेले ढग, एका बाजूने वाहणारे पाणी, धबधबा पाहण्यासाठी वळणातच उभ्या केलेल्या गाड्या आणि समोरून मधोमध येणारा पाहुणा, हे सारे कोण मोजणार? हे काम बाहेरचा कोणी येऊन करील असे आम्हांस वाटत नाही.

आमच्या शेजारी इंजिनिअरिंग शिकणारा एक मुलगा आहे. जेवणाच्या टेबलाला त्याने पकडीने एक स्टिअरिंग जखडून ठेवले आहे आणि त्यामुळे त्या घरी सर्वजण जमिनीवर पाने मांडून जेवतात. त्याने एकदा आम्हांस त्या चाकापुढे बसविले. चाळीस वर्षांचा वाहन चालविण्याचा परवाना खिशात असताना आम्ही पहिल्याच वळणावर सरळ कुंपणात गेलो. 'काका, तुम्ही वळणात ब्रेक दाबलात,' तो म्हणाला. हेच वाक्य आम्ही त्याच्या वडिलांना फोंडा घाटात ऐकविले होते.

हा मुलगा सध्या घाटातले एक वळण आपल्या यंत्रात बसविण्याच्या खटपटीत आहे. लेसर यंत्र परवडण्याचा प्रश्नच नाही. त्याने रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका मुकादमाला विचारले, आणि त्यांनी त्याला रुळाचे वळण तपासण्याची जुनी रीत सांगितली. २० मीटर लांबीची दोरी घ्यावी, तिची दोन्ही टोके वळणाच्या कडेवर ताणून धरावी आणि दोरीच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर मोजावे. त्यावरून त्रिज्या निघते. एका रविवारी पहाटे दोन मित्रांना लाल फडकी देऊन वळणाच्या वर आणि खाली उभे केले आणि आम्ही दोघांनी दोरी धरली. मध्यावरचे अंतर भरले ३ मीटर ८० सेंटिमीटर. घरी येऊन त्याने हिशेब केला, तो त्रिज्या १५ मीटर निघाली. मग मुकादमांना विचारले की याच दोरीने आपल्या रेल्वेच्या सर्वांत आखूड वळणावर किती भरेल? १२५० मीटरांच्या वळणावर, त्यांनी बोटे जुळवून दाखविली, चार सेंटिमीटर.

त्याने ३ मीटर ८० हा आकडा वहीत लिहिला आणि खाली विचारले, 'पावसाळ्यात पकड किती धरू?' ती मोजण्यास आम्ही आषाढात पुन्हा जाणार आहोत.